माफी कोणाच्या खिशातून?

मी ज्या कंपनीत काम करते ती नगरपालिकांसाठी सॉफ्टवेअर बनवते. घरपट्टीची बिलं, पाणीपट्टी, जन्ममृत्यूचे दाखले, दुकानांचे परवाने, असलं सगळं. कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींत कोणी एआयवर काम करतं, कोणी परदेशातल्या बँकांसाठी. मी घरपट्टीवर काम करते असं सांगितलं की विषय लगेच बदलतो.

२०२५च्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक काम आलं. थकलेल्या घरपट्टीवर जी शास्ती चढते, म्हणजे उशिराचा दंड, त्यात सूट देण्याची ‘अभय योजना’ काही ठिकाणी येणार होती. तिचं गणित सिस्टिममध्ये बसवायचं होतं. मालमत्ताधारकाने मूळ थकबाकी आणि निम्मी शास्ती एकरकमी भरली तर उरलेली निम्मी शास्ती माफ. दीड दिवसाचं काम. तपासायला नमुन्याचा डेटा होता, नावं झाकलेला. मोठ्या आकड्यांत चूक लवकर दिसते म्हणून सगळ्यात जास्त सूट मिळणाऱ्या नोंदी वर येतील असं लावून पाहिलं. गणित बरोबर होतं. फक्त वरच्या पानभर नोंदींत वापराच्या रकान्यात ‘निवासी’ हा शब्द शोधावा लागत होता. बहुतेक ठिकाणी ‘वाणिज्य’ होतं.

संध्याकाळी घरी फोन केला तेव्हा सहज पप्पांना हे सांगितलं. पप्पा आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेत होते, करविभागात. २०२४मध्ये निवृत्त झाले. मला वाटलं, लेक आपल्याच खात्याचं काम करते आहे म्हणून त्यांना मजा वाटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि ज्यांनी वेळेवर भरलंय, त्यांचं काय?”

“त्यांचा यात प्रश्नच येत नाही पप्पा. ज्यांची थकबाकी शून्याहून जास्त आहे तेवढ्याच नोंदी आम्ही उचलतो.”

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हां. बरोबर आहे. जेवलीस का?”

तो प्रश्न तेव्हा मी सोडून दिला. नंतर मात्र तो वेगवेगळ्या बाजूंनी परत येत राहिला, आणि एकदा तर थेट आमच्या घरात आला. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

*

पप्पा नोकरीला लागले ते जकात नाक्यावर. गावात येणारा ट्रक थांबवायचा, पावत्या बघायच्या, जकात घ्यायची. नगरपालिकेच्या तिजोरीत रोज रोकड येण्याचा तो मार्ग होता. १९९९मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्याऐवजी सरकारकडून अनुदान येऊ लागलं. नाक्यावरची माणसं इतर विभागांत वाटली गेली. पप्पांच्या वाट्याला घरपट्टी आली. (महापालिकांची जकात पुढे टप्प्याटप्प्याने गेली. मुंबईत ती २०१७ला जीएसटी येईपर्यंत होती.)

माझ्या लहानपणी आमच्या घरात मार्च महिना वेगळा असायचा. बाकीच्या घरांत तो परीक्षांचा, आमच्यात तो वसुलीचा. पप्पा सकाळी साडेसातला पथकाबरोबर निघायचे आणि रात्री दहाला यायचे. रिक्षावर भोंगा लावून थकबाकीदारांना आवाहन चालायचं. नळ तोडायचे, दुकानांना सील लावायचं, चौकात थकबाकीदारांच्या नावांचा फलक लावायचा. पुण्यासारख्या मोठ्या शहरांत तर थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवण्याचेही प्रकार झाले आहेत. आमच्याकडे एवढं नव्हतं, पण लाज हे हत्यार सगळ्यांनाच ठाऊक होतं.

पप्पांना एक गोष्ट लवकर कळली होती. ती त्यांनी मला मी मोठी झाल्यावर सांगितली. नळ तोडण्याची भीती ज्याला एकच नळ आहे त्यालाच असते. बसस्टँडमागच्या मंगल कार्यालयाची थकबाकी लाखांत होती. त्यांच्याकडे दोन बोअर होत्या. नळ तोडला तरी त्यांच्या पंगतीला पाणी कमी पडणार नव्हतं. सील लावायचं म्हटलं तर त्या दिवशी कोणाच्या तरी मुलीचं लग्न असायचं. आकारणीच चुकीची आहे असा त्यांचा अर्ज होता, त्यावर सुनावणी होती, सुनावणीला तारीख होती. सगळं कायदेशीर. त्याच गल्लीत शिलाईकाम करणाऱ्या एक मावशी राहायच्या. नवरा वारल्यापासून तीन वर्षांची पट्टी थकलेली. वर्षाला बाराशे, म्हणजे मूळ ३,६०० रुपये, आणि शास्ती १,७२८. पप्पांनी त्यांचा नळ तोडला. मावशींनी चार हप्त्यांत सगळे पैसे भरले, शास्तीसकट. शेवटच्या हप्त्यानंतर नळ जोडला. त्या पावत्या पप्पांनीच फाडल्या होत्या.

“उद्दिष्ट टक्क्यांत असतं का नगांत?” असं मी एकदा विचारलं होतं. इंजिनियरिंगला असताना असे प्रश्न सुचतात.

“उद्दिष्ट रुपयांत असतं,” ते म्हणाले. “पण सुटी संध्याकाळी मिळते. संध्याकाळपर्यंत जे मिळेल ते.”

वसुलीच्या यंत्रणेबद्दल याहून नेमकं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. सगळ्यात जास्त पैसे जिथे अडकलेत तिथे कष्ट जास्त आणि खात्री कमी. जिथे पैसे थोडे, तिथे खात्री पूर्ण. थकलेला माणूस दुसऱ्या दारी जातो. त्यासाठी कोणी भ्रष्ट असावं लागत नाही.

*

आता शास्तीचं गणित पाहू, कारण त्याच्याशिवाय माफीची बाजू कळत नाही आणि तिला बाजू आहे.

थकलेल्या घरपट्टीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. नगरपरिषदांच्या १९६५च्या कायद्यात ही तरतूद आहे आणि महापालिकांचाही दर हाच आहे. दोन टक्के ऐकायला कमी वाटतात. पण हे महिन्याचे आहेत, वर्षाचे चोवीस झाले. सरळ व्याजाने धरलं तरी पन्नास महिन्यांत, म्हणजे चार वर्षं आणि दोन महिन्यांत, शास्ती मुद्दलाएवढी होते. दहा वर्षांपूर्वीच्या बिलावर मुद्दलाच्या जवळजवळ अडीच पट शास्ती चढलेली असते. अशी रक्कम कोणीही भरत नाही. ती फक्त मागणीच्या रजिस्टरात वाढत राहते, आणि दर वर्षी वसुलीची टक्केवारी तेवढी खाली खेचते.

शिवाय सगळे थकबाकीदार लबाड नसतात. मूळ मालक वारलेला असतो आणि नोंद बदललेली नसते. भावाभावांत वाद असतो आणि कोणी भरायचं हे ठरत नाही. एकाच घराची दोनदा आकारणी झालेली असते. बिल कधी पोचलेलंच नसतं. सरकारकडून काही अनुदान मिळवायचं तर घरपट्टीची वसुली वाढली पाहिजे, अशी अट पंधराव्या वित्त आयोगानेही घातली होती. अशा वेळी मुख्याधिकाऱ्यापुढे दोन पर्याय असतात: कागदावरचे शंभर रुपये जपायचे, की हातात येणारे साठ घ्यायचे. कोणताही शहाणा माणूस साठ घेईल.

नगरपरिषदांच्या कायद्यात शास्ती माफ करण्याची सोय पूर्वी नव्हती. २०२५च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यासाठी अभय योजनेला मान्यता दिली. महापालिकांत अशा योजना आधीपासून येतजात आहेत. पुण्यात २०२०च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कोविडच्या दिवसांत, पन्नास लाखांपर्यंतच्या थकबाकीवर शास्तीत ८० टक्के सूट दिली होती.

याला एक ठरलेला आक्षेप असतो: अशी माफी परत परत मिळाली की लोक तिची वाट पाहू लागतात. हे खरंच आहे. एकच खेळ पुन:पुन्हा खेळायचा असेल तर शहाणा खेळाडू मागच्या फेऱ्यांवरून शिकतो. ज्याच्याकडे थांबायची ऐपत आहे त्याच्यासाठी थकबाकी म्हणजे बिनतारणाचं कर्ज होतं. पण हा आक्षेप हिशोबाचा आहे आणि त्याला उत्तरही हिशोबानेच देता येतं: ‘ही शेवटची योजना’ असं जाहीर करा आणि पाळा. पप्पांचा प्रश्न वेगळा होता. समजा माफी एकदाच दिली, तिजोरीचा फायदाही झाला, कोणीही वाट पाहत बसलं नाही. तरी, ज्यांनी वेळेवर भरलं त्यांचं काय?

*

माफ कोणी करायचं, याचं साधं उत्तर आपल्या रोजच्या जगण्यात आहे. ज्याचं नुकसान झालं त्याने. माझ्या मैत्रिणीने माझे पाच हजार बुडवले तर मी तिला माफ करू शकते. माझी रूममेट माझ्या वतीने करू शकत नाही. तिने केलं तर मी म्हणेन, तुला काय जातंय?

घरपट्टी कोणाची बुडते? बिलावर नगरपालिकेचं नाव असतं, पण नगरपालिकेला स्वतःचं पोट नाही. तिच्याकडे न आलेला रुपया म्हणजे कुठला तरी न बदललेला व्हॉल्व्ह, न उपसलेलं गटार, आठ दिवसांवरून दहा दिवसांवर गेलेलं पाणी. आमच्या गावात कायम कर्मचाऱ्यांचे पगार सरकारच्या सहायक अनुदानातून होतात. ते उशिरा येतं, पण येतं. कंत्राटी सफाई कामगारांचे पैसे मात्र बऱ्याच अंशी नगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून जातात. वसुली कमी पडली की पहिला धक्का तिथे बसतो. आमच्या गल्लीत पहाटे गाडी घेऊन येणाऱ्या दादांचे तीन-तीन महिने थकलेले मी पाहिले आहेत. त्यांच्या उशिराच्या पगारावर त्यांना महिना दोन टक्के कोणी दिले नाहीत.

म्हणजे थकबाकीदाराने ज्यांचं देणं चुकवलं ते लोक असे विखुरलेले आहेत. त्यांना आपण माफ करतोय हे माहीतही नसतं. त्यांच्या वतीने निदान त्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी ठराव करतात, असं म्हणावं, तर मी ते गणित लिहिलं तेव्हा आमच्या गावात निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. मुदत संपून वर्षं झाली होती, निवडणुका लांबलेल्या होत्या आणि राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांसारखा आमच्याकडेही प्रशासक होता. प्रस्ताव प्रशासकाचा, मंजुरी वरची, गणित माझं. ज्यांच्या खिशातून माफी जाणार होती त्यांच्यापैकी कोणी त्या साखळीत नव्हतं.

इथे मला दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याचा हा अधिकारी दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडतो, ही गोष्ट महाराष्ट्रात लहानपणी कोणीतरी सांगतंच. मला ती पप्पांनी सांगितली होती. सरकारी नोकराची एवढी मोठी गोष्ट दुसरी नाही, असं ते म्हणायचे. दामाजींनी जे दिलं ते त्यांचं नव्हतं. लोक जगले आणि दामाजी संत झाले. पण कथा तिथे थांबत नाही. बिदरच्या दरबारात हिशोब द्यायची वेळ येते, तेव्हा विठोबा विठू महाराचं रूप घेऊन जातो, धान्याची किंमत मोजून देतो आणि पावती घेतो. ती पावती दामाजींना आपल्या पोथीत सापडते.

मोठेपणी मला या कथेत पावतीचं नवल वाटू लागलं. ज्यांनी ही गोष्ट रचली आणि सांगितली ते भक्त होते. बादशहाचं मन बदललं आणि त्याने रक्कम माफ केली, असं ते सहज म्हणू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. दिलेलं कुठून तरी भरून यायला हवं, याची त्यांना जाणीव होती. कोठार रिकामं झालं आणि कोणाचंच काही गेलं नाही, असं देवाच्या गोष्टीतही घडत नाही. आणि पैसे घेऊन दरबारात जाणारा कोण, तर गावाच्या उतरंडीत सगळ्यात खाली ठेवलेला माणूस. कथेत तो देव असतो. आमच्या गल्लीत पहाटे गाडी घेऊन येणारे दादा देव नाहीत. मंगल कार्यालयाला मिळालेल्या सुटीची थैली मात्र तेच वाहतात, आणि त्यांना पावतीही मिळत नाही.

दामाजी आणि अभय योजना यांच्यात आणखी एक फरक आहे, तोही सांगायला हवा. दामाजींनी उपाशी माणसांना दिलं.

*

इथवर मी हे सगळं स्वतः स्वच्छ असल्यासारखं लिहिलं आहे. आता घरातली गोष्ट.

आजोबांचं जुनं घर अजून त्यांच्याच नावावर आहे. पप्पा आणि काका, दोघांचा त्यात हिस्सा. वाटणीवरून दोघांत सहा वर्षं बोलणं नव्हतं आणि त्या सहा वर्षांत त्या घराची पट्टी कोणी भरली नाही. काका म्हणायचे, राहत मी नाही, मी का भरू? पप्पा स्वतःच्या घराची पट्टी दर एप्रिलला बिल आल्याच्या आठवड्यात भरायचे, पण जुन्या घराचं नाव काढलं की गप्प. वर्षाला अडीच हजार. मूळ पंधरा हजार आणि शास्ती १२,६००. करविभागातल्या माणसाच्या वडिलांचं घर थकबाकीदारांच्या यादीत होतं आणि हे त्यांच्या सहकाऱ्यांना माहीत होतं. चौकातल्या फलकावर ते नाव कधी आलं नाही. ते का आलं नाही, हे मी पप्पांना विचारलेलं नाही.

योजना आली तेव्हा काकांचा फोन आला. वाद तोपर्यंत निवळत आला होता. “बघ, थांबलो म्हणून सहा हजार वाचले,” ते म्हणाले. पप्पा खिडकीवर गेले. आमच्या गावच्या नगरपालिकेत आमच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर आहे. अशा कामाच्या कंपन्या मोजक्याच असल्यामुळे यात फार योगायोग नाही. पप्पांनी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला सांगितलं, सूट लावू नकोस, पूर्ण रक्कम घे. त्याने प्रयत्न केला. स्क्रीनवर २१,३०० आले. रक्कम बदलता येत नव्हती. “साहेब, सिस्टिम घेत नाही,” तो म्हणाला.

सिस्टिम घेत नव्हती कारण मी तशी सोय ठेवली नव्हती. कोणी सूट नाकारेल असं कोणाला वाटलं नव्हतं, कामाच्या कागदात तसं काही नव्हतं आणि मलाही ते सुचलं नाही. रकाना भरताना कारकुनाच्या हातून चूक होऊ नये म्हणून तो मी मुद्दाम बंद ठेवला होता.

पप्पांनी २१,३०० भरले आणि पावती घेऊन घरी आले. मी फोनवर म्हटलं, उरलेले ६,३०० देणगी म्हणून द्या की, शाळेला, वाचनालयाला, कुठेही. ते म्हणाले, “देणगी वेगळी, देणं वेगळं.” मग थोडं थांबून, “आणि मावशींचे सतराशे मी घेतलेत ना.”

त्या क्षणापर्यंत मी या प्रश्नाकडे नियम म्हणून पाहत होते. पप्पांना मात्र दोन माणसं दिसत होती. एकीकडे स्वतःच्या हाताने नळ तोडून जिच्याकडून पूर्ण शास्ती घेतली ती बाई, आणि दुसरीकडे जो भांडत बसू शकला आणि त्यामुळे निम्म्यात सुटला तो स्वतः. मावशींनी चार वर्षं आणखी थकवलं असतं तर त्याही या यादीत असत्या. त्यांनी भरलं, म्हणून त्या माझ्या नोंदींत नाहीत. थकबाकी शून्य.

*

महाभारतात वनपर्वात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांचा क्षमेवर वाद आहे. वनवासात द्रौपदी संतापलेली आहे आणि युधिष्ठिर क्षमेची थोरवी सांगतो आहे. ती त्याला प्रल्हाद आणि त्याचा नातू बळी यांचा संवाद ऐकवते. बळी विचारतो, क्षमा श्रेष्ठ की कठोरपणा? प्रल्हाद म्हणतो, नेहमीच क्षमा वाईट आणि नेहमीच कठोरपणाही वाईट. मग तो क्षमेला कोण पात्र हे सांगतो: ज्याने पूर्वी उपकार केले आहेत तो, ज्याच्या हातून अजाणता चूक झाली तो, आणि ज्याचा पहिलाच अपराध आहे तो. जाणूनबुजून करून वर अजाणतेपणाचं सोंग घेणाऱ्याला लहान चुकीचीही शिक्षा व्हावी आणि दुसऱ्यांदा केलेला अपराध छोटा असला तरी सोडू नये.

मला ही यादी एखाद्या चांगल्या मुख्याधिकाऱ्याने केल्यासारखी वाटते. आधी वेळेवर भरत आलेला आणि आता अडचणीत आलेला. बिलच न पोचलेला. पहिल्यांदाच थकलेला. या तीन प्रश्नांची उत्तरं नगरपालिकेच्या डेटात असतात, किंवा थोड्या कष्टाने मिळू शकतात. माझ्या गणितात यातला एकही प्रश्न नव्हता. त्यात एकच अट होती: थकबाकी आहे का? म्हणजे क्षमेला पात्र ठरण्यासाठी फक्त अपराध पुरेसा होता.

याला माझ्याच पेशातून एक उत्तर येतं आणि ते दुबळं नाही. प्रत्येक प्रकरण तपासायचं म्हटलं की कोणीतरी तपासणारा आला, आणि तपासणारा आला की त्याच्या टेबलाखालचा हातही आला. सरसकट नियम आंधळा असतो म्हणूनच तो विकत घेता येत नाही. मी पाच वर्षं हेच मानत आले आहे. माणसाच्या मर्जीतून काढून गोष्ट यंत्राकडे दिली की न्याय होतो, अशी माझी समजूत होती. पण पप्पांच्या मार्चचा अनुभव उलट सांगतो. तिथेही नियम सरसकटच होता, सगळ्यांना सारखे दोन टक्के. तरी तो मावशींना पूर्ण लागला आणि मंगल कार्यालयाला लागलाच नाही. ज्याच्याकडे थांबायची ताकद आहे, त्याच्यापर्यंत पोचता पोचता नियम दमतो. माफीचा सरसकट नियम मग त्या दमण्यावर शिक्कामोर्तब करतो.

सवलत आणि माफी यांत मी आता फरक करते. मुंबईत २०२२पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत आहे. ती १९७०पासूनची, मध्ये काही वर्षं बंद झाली आणि २०२३मध्ये परत आली. मी पुण्यात भाड्याने राहते, त्यामुळे माझ्या घरमालकाला ती मिळत नाही आणि तो भार भाड्यातून माझ्यावरच येत असणार. मला ते थोडं खुपतं. पण अशा सवलतीत काहीतरी सरळ आहे. ती आधी जाहीर होते. तुम्ही कोण आहात, कसे राहता यावरून मिळते. तिच्यावर उघड भांडता येतं. अभय योजना तुम्ही काय केलं नाहीत यावरून मिळते, आणि तीही सगळं घडून गेल्यावर.

म्हणून माफी देऊच नये असं मी म्हणत नाही. आजोबांच्या घरासारख्या वादात अडकलेल्या घरांना बाहेर यायला वाट हवी. त्या वाटेनेच तर आम्ही बाहेर आलो. माझी अपेक्षा एवढीच आहे, की आपण दुसऱ्याच्या खिशातून देतो आहोत याची आठवण ठेवून माफी दिली जावी. पहिल्यांदा थकलेल्यांना जास्त, पुन्हापुन्हा थकवणाऱ्यांना नाही. एका मर्यादेच्या वरची प्रत्येक माफी नावासकट आणि कारणासकट चौकात लागावी. थकबाकीदारांचा फलक लागतो, मग माफीचा का नको? गेल्या तीन-चार वर्षांत ज्यांनी पूर्ण शास्तीसह भरलं त्यांना निदान पुढच्या बिलात काही वजावट मिळावी. आणि माफीचा प्रस्ताव मांडताना, न येणाऱ्या रकमेसमोर कोणतं काम थांबेल आणि कोणाचा पगार लांबेल, हेही लिहावं. ही शेवटची गोष्ट मी ऑफिसात सुचवली होती. अहवालात एक रकाना वाढवायचा, एवढंच काम होतं. टीम लीडने शांतपणे सांगितलं की पालिकेने मागितलेलं नाही, त्यामुळे आपण देऊ शकत नाही. तो चुकीचं बोलत नव्हता.

दिवाळीत घरी गेले होते तेव्हा बाजारात मावशी भेटल्या. योजनेचं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पप्पांना विचारलं, “साहेब, आमचं ते जास्तीचं काही परत मिळतं का हो?” आवाजात तक्रार नव्हती, चौकशी होती. गॅस सबसिडीचं विचारावं तसं.

पप्पा म्हणाले, “नाही मिळत, ताई.”

त्या बरं म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून विचारलं, ही काय करते आता? पप्पांनी सांगितलं, कंप्युटरमध्ये आहे, पुण्याला. नेमकं कशाचं काम करते ते त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.